आज्याच्या नोंदीपासून सरपंचकीपर्यंत

पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईने ग्रामपंचायतीला उभं राहायचं ठरवलं, तर मतदारांच्या दारी जाण्याआधी तिला माहेर गाठावं लागतं. बापाला नाहीतर भावाला सोबत घेऊन तिथून तहसील कचेरीत, जुनी दप्तरं ठेवलेल्या खोलीत. तिथे कापडात बांधलेल्या, कडा झडलेल्या एका वहीत तिला आपल्या आज्याचं नाव शोधायचं असतं. आज्याचं सापडलं नाही तर आज्याच्या भावाचं, तेही नाही तर पणज्याचं. सरकारी भाषेत ही वही म्हणजे गाव नमुना 14. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्माला आलं, कोण गेलं हे कोतवालाने सांगायचं आणि वहीत त्याची एक ओळ पडायची. तारीख, नाव, बापाचं नाव, जात. जुन्या वह्यांपैकी कितीतरी मोडीत आहेत, त्यामुळे मोडी वाचणारा माणूसही गाठावा लागतो.

ही धावपळ का, ते समजून घेण्यासारखं आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. अनुसूचित जमातीसाठी राखीव जागेवर उभं राहायला जमातीचा दाखला लागतो, आणि तेवढ्यावर भागत नाही. पडताळणी समितीने तो खरा ठरवलेला असावा लागतो. ‘व्हॅलिडिटी’ हा शब्द इथल्या पाड्यापाड्यांवर माहीत आहे तो यामुळेच. फॉर्म भरताना ती हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडून चालतं, पण निवडून आल्यावर मुदतीत सादर केली नाही तर पद जातं. समितीच्या दृष्टीने वजन असतं ते 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या पुराव्याला, कारण राष्ट्रपतींच्या आदेशाने जमातींची यादी त्या दिवशी लागू झाली. जमात बापाकडून येते, म्हणून लग्न झालेल्या बाईचा पुरावा माहेरी. आज्या शाळेत गेला असता तर शाळेच्या रजिस्टरने काम केलं असतं. पण आज्याच्या लहानपणी पाड्याच्या आसपास शाळाच नव्हती. उरतं ते कोतवाल बुक.

त्या तारखेच्या जरा मागे जाऊन पाहिलं की मला थक्क व्हायला होतं. जव्हार हे 1948 पर्यंत संस्थान होतं. मुकणे घराण्याचं राज्य, चौदाव्या शतकात जयबा मुकण्यांनी स्थापलेलं. राजेही आदिवासीच, महादेव कोळी. म्हणजे 1950 च्या आधी साखरशेतसारख्या गावात पोर जन्मलं असेल तर त्याची नोंद बहुधा राजाच्या दप्तरात झाली. त्या कारकुनाच्या स्वप्नातही आलं नसेल की आपण टाकाने ओढलेली ही ओळ सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी या पोराची नात शोधत येईल, आणि तिच्या आधारावर गावाची सरपंच होईल.

साखरशेत नाव गोड, पण इथे ऊस नाही. डोंगरउताराची जमीन. पावसाळ्यात उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, कडेला उडीद. पाऊस इतका पडतो की चार महिने सगळं हिरवंगार. आणि तरी एप्रिल-मे आला की जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

ग्रामपंचायत किती मोठी असावी हे लोकसंख्येवर ठरतं. दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर 7 सदस्य, तीन हजारांपर्यंत 9, आणि असं दोन-दोनने वाढत साडेसात हजारांच्या पुढे 17. त्याहून मोठी ग्रामपंचायत महाराष्ट्रात नसते. राज्यात अशा सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. आता सात सदस्यांचं एक गाव डोळ्यांसमोर आणू. दीड हजार वस्ती, त्यात मतदार हजारभर, तीन प्रभाग. एका प्रभागात साडेतीनशेच्या आत-बाहेर मतं. पालघर लोकसभा मतदारसंघात वीस लाखांवर मतदार आहेत. म्हणजे त्याच माणसाच्या त्याच बोटाचं वजन प्रभागात लोकसभेच्या सहा हजार पट पडतं. इथे दोन मतांनी, एका मताने निकाल लागतो. कधी बरोबरी होते, आणि मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला चिठ्ठी काढावी लागते. तिला आपण ‘ईश्वरचिठ्ठी’ म्हणतो. लोकशाहीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कायद्यानेच ही एक जागा दैवासाठी सोडली आहे.

चिठ्ठी निवडणुकीच्या आधीही निघते. कोणत्या गावाचं सरपंचपद बाईसाठी राखीव, हे सोडतीने ठरतं. काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या लहान मुलाला वर बोलावून उचलायला लावतात. सभागृहात बसलेल्या मिशीवाल्या पुढाऱ्यांच्या पाच वर्षांच्या आशा त्या चिमुकल्या मुठीत असतात.

हेच दृश्य अकराशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं आहे. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिल्या परांतकाच्या काळातले, इसवी सन 919 आणि 921 चे लेख आहेत. गावाच्या समित्या कशा निवडाव्यात ते त्यांत सांगितलं आहे. पात्र माणसांची नावं ताडपत्रांच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाला त्यातून उचलायला लावायचं. कोण पात्र? वय पस्तिसाच्या वर आणि सत्तरीच्या आत, स्वतःची जमीन, स्वतःच्या जागेवर घर. आणि ज्याने आधी समितीवर राहून हिशेब दिला नाही तो बाद, त्याचे नातेवाईकही बाद.

आता आपल्या बाईचा फॉर्म शेजारी ठेवा. वय 21 पूर्ण. नाव गावच्या मतदार यादीत. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्म असेल तर किमान सातवी पास. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात हितसंबंध नको. सरकारी जागेवर अतिक्रमण नको. घरात शौचालय हवं, आणि ते वापरात हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं नको. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचं घोषणापत्र. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. आणि निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा. नाही केला तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी. हिशेब न देणारा बाद, हे कलम चोळांच्या भिंतीवरही आहे आणि आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की उत्तिरमेरूर हे ब्राह्मणांचं अग्रहार गाव होतं. जमीन नसलेला तिथे मडक्याजवळही फिरकू शकत नव्हता आणि बाईचा प्रश्नच नव्हता. इथे उतारावरच्या नागलीवर पोट भरणारी बाई राखीव जागेची अनामत म्हणून शंभर रुपये भरते आणि उभी राहते.

या अटींबद्दल मला दोन गोष्टी मनापासून वाटतात. थकबाकी, ठेका आणि हिशेबाच्या अटी मला पटतात. गावचा पैसा हाताळणाऱ्याचे हात आधी दिसले पाहिजेत. तिसऱ्या मुलाची अट मात्र इथे मला अन्यायाची वाटते. मुलं किती व्हावीत हे ज्या घरात बाईला विचारत नाहीत, त्या घरातल्या बाईलाच ही अट बाद करते. शिवाय जव्हार हा तोच तालुका आहे जिथे 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. मूल हातचं जाईल ही भीती ज्या आईबापांनी पाहिली, त्यांना दोनावर थांबा म्हणणं सोपं नाही. शौचालयाची अट चांगली आहे, पण वापरायला पाणी लागतं, आणि ते उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावरून येतं.

फॉर्म भरला, छाननीत टिकला, माघारीची मुदत टळली, की चिन्ह मिळतं. ग्रामपंचायतीला पक्षांची चिन्हं नसतात. कमळ, पंजा, धनुष्यबाण गावाच्या वेशीबाहेर. राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतलं मुक्त चिन्ह घ्यायचं. कपबशी, छत्री, शिलाई मशीन, पतंग. गावात पॅनल होतं खरं, पण पॅनलमधल्या चौघांना चार वेगळी चिन्हं मिळतात असंही होतं. मग संध्याकाळी, लोक शेतातून परतल्यावर, पाड्यापाड्यावर चालत जाऊन समजावायचं की इथे छत्री, तिथे कपबशी आणि सरपंचाला पतंग. दिवसा प्रचार करून उपयोग नाही, घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात.

मत देणंही लोकसभेपेक्षा अवघड. प्रभागात दोन-तीन जागा असतात, तेवढी मतं द्यायची, वर सरपंचाचं एक. म्हणजे एकाच मतदाराने तीन-चार बटणं दाबायची. प्रत्येक जागेची यादी वेगळी, म्हणून आयोगाने कागदाला रंग दिले आहेत. अनुसूचित जमातीची जागा फिकट हिरवी, सरपंचाची फिकट निळी. सगळी मतं दिल्यावरच यंत्राची लांब शिट्टी वाजते. आधीच बाहेर पडणाऱ्या आजीला मतदान केंद्रावरचा कर्मचारी थांबवतो, “आजी, अजून एक राहिलंय.” ती परत वळते. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्या हाती आपण इतकी गुंतागुंतीची मतपत्रिका दिली आहे, आणि तो ती बिनचूक वापरतो. उमेदवारांपैकी कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’चं बटण आहेच. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाने असा आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. लोकसभेच्या नोटाला ही ताकद नाही. ग्रामपंचायतीच्या नोटाला आहे.

पालघर जिल्ह्यातलं ग्रामपंचायतींचं अलीकडचं मोठं मतदान 16 ऑक्टोबर 2022 ला झालं. जिल्ह्यातल्या 342 ग्रामपंचायतींत ते होतं, त्यांपैकी जव्हारच्या 47 आणि मोखाड्याच्या 22. तारीख पाहा. दिवाळी पुढच्या आठवड्यात होती. कापणीचे दिवस. दिवाळी झाली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर निघून जातात, पोरं, कोंबड्या आणि टोपल्यांसकट, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. ते मतदान महिन्या-दीड महिन्याने पुढे गेलं असतं तर मतदार यादीतली किती नावं भट्टीवर असती याचा अंदाज कुणालाही करता येईल. इथल्या लोकशाहीला पंचांगाइतकंच हंगामाचंही पाहावं लागतं.

सरपंच थेट लोकांनी निवडायचा, ही पद्धत 2017 साली आली, 2020 साली गेली आणि 2022 साली परत आली. आधी सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे, आणि त्यासाठी सदस्यांना चार दिवस ‘सहलीला’ नेण्याचे प्रकार गावोगाव माहीत आहेत. पैशाचा जोर त्याहून पुढेही जातो. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं. आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलावाचा पैसा देवळाला जाणार होता असं सांगून हे चालवून घेणारे भेटतात. देवळासाठी वर्गणी काढता येते, गावाचं मत विकायला काढता येत नाही.

साखरशेतच्या सरपंचपदात मात्र एक गोष्ट अशी आहे जी उमराण्यात नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि देशभर पंचायतींना घटनेचा आधार मिळाला, पण ती या क्षेत्राला आपोआप लागू नव्हती. त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करायचा होता. दिलीपसिंह भुरिया समितीने त्याचा आराखडा दिला आणि 24 डिसेंबर 1996 ला ‘पेसा’ आला. त्याने सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींची अध्यक्षपदं आदिवासींचीच. सरसकट आरक्षण घटनेत बसतं का, असा वाद झारखंडातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2010 साली न्यायालयाने ते योग्य ठरवलं.

पण पेसातली सगळ्यात नवलाची गोष्ट आरक्षण नव्हे. गाव म्हणजे काय, याचं उत्तर त्यात बदललं आहे. महसुलाच्या नकाशावर साखरशेत हे एक गाव. पेसा म्हणतो, एक वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे लोक आपल्या रीतीरिवाजाने एकत्र राहतात आणि आपले व्यवहार आपण पाहतात, ते गाव. म्हणजे पाड्याने ठराव करून रीतसर मागणी केली तर तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा बसू शकते. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 साली केले. एका ग्रामपंचायतीत अशा चार-पाच ग्रामसभा असू शकतात. आणि अधिकार? गौण वनउपजाची मालकी, दारूच्या दुकानाला हो की नाही, सावकारीवर लक्ष, जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाऊ न देणं, योजनेचे लाभार्थी निवडणं, ग्रामपंचायतीने खर्च केलेल्या पैशाचा दाखला देणं. हे सगळं ग्रामसभेकडे.

ही शेवटची बाब मी दोनदा वाचली तेव्हा कुठे नीट कळली. निवडून आलेल्या सरपंचाने पैसा खर्च केला, तर तो बरोबर खर्च झाला असा दाखला त्या पाड्यावर मांडी घालून बसलेले लोक देणार. निवडून न आलेले लोक. ज्यांना कुणी मत दिलेलं नाही असे, कारण मत देणारे तेच आहेत. 2014 सालच्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, आणि त्याचं काय करायचं हेही ग्रामसभेनेच ठरवायचं. विहीर दुरुस्त करायची की पाड्यापर्यंतचा रस्ता, हा निर्णय मंत्रालयात होत नाही, जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातही होत नाही.

म्हणून साखरशेतला उभं राहणारी बाई आमदारकीच्या छोट्या आवृत्तीसाठी उभी नाही. आमदार निवडून आला की पाच वर्षं मतदारांच्या वतीने तो ठरवतो. इथे ठरवणारी सभा मतदारांचीच आहे, कायमची आहे, तिची मुदत संपत नाही. सरपंच पाच वर्षांसाठी तिचं काम पाहते. दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावात तिला सप्टेंबर 2024 च्या निर्णयाप्रमाणे महिना 6,000 रुपये मानधन मिळतं. ग्रामसभाच सगळं ठरवू शकते, हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने देशाला करून दाखवलं. तिथे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते.

कायद्यात लिहिलेलं सगळं पाड्यावर उतरलं आहे असं मी म्हणत नाही. ग्रामसभेची वही ग्रामसेवकाच्या पिशवीत फिरते आणि सह्या घरोघरी गोळा होतात, हे चित्र महाराष्ट्रात नवं नाही. सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, हेही आपण पाहिलं आहे. पण महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या त्या 2011 साली. त्यालाही आता एका पिढीइतकी वर्षं होत आली. पहिल्यांदा निवडून आलेली बाई सभेत मागे बसते. दुसऱ्यांदा आलेली वही मागून घेते. ती वही तिने उघडली, ठराव स्वतः वाचला आणि चुकीचा आकडा दाखवला, की समोर बसलेला अधिकारी चष्मा काढून तिच्याकडे पाहतो. त्या क्षणासाठी आज्याची नोंद शोधत फिरणं सार्थकी लागतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षं 2027 च्या पावसाळ्यानंतर भरतात. निवडणूक जाहीर झाली की फॉर्म भरायला जेमतेम आठवडा मिळतो, आणि कोतवाल बुक आठवड्यात सापडत नाही. जव्हार-मोखाड्यात कुणाच्या मनात उभं राहायचं असेल, विशेषतः कुणा बाईच्या, तर तिने आत्ताच माहेरी जाऊन आज्याचं पूर्ण नाव आणि गाव विचारावं, तहसीलात नकलेचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.